लांब ओटा आणि दोन विटा

स्वयंपाकघराच्या मधोमध बेट असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर ओटा भिंतीला टेकून असायचा. मग लोणावळ्याच्या टेकड्यांवर बंगल्यांचं पीक आलं आणि त्यांच्या नकाशांत खोलीच्या मध्यावर एक लांबट चौकोन दिसू लागला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विचारलं, "हे जेवणाचं टेबल का?" समोरच्या डिझायनरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला बंगल्यात चूल कुठे मांडणार असं विचारलं होतं. "काका, हे आयलंड," तो म्हणाला. चारी बाजूंनी मोकळा ओटा. मोकळा का, तर पाहुण्यांनी त्याच्याभोवती उभं राहून गप्पा माराव्यात. आणि स्वयंपाक? तो मागे होतो. त्याला वेगळी खोली असते.

त्या मागच्या खोलीचा मला आजही राग येतो. म्हणजे खोलीचा नाही, ती बिचारी अंधारी आणि अरुंद असते. ती तशी ठेवणाऱ्यांचा.

माझं आडनाव तांबोळी. आजोबांपर्यंत घरात विड्याच्या पानांचा धंदा होता. वडिलांनी काळा दगड विकायला घेतला आणि मी पांढऱ्यापर्यंत येऊन थांबलो. सोमाटण्याला जुन्या हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. लोखंडी घोड्यांवर उभ्या केलेल्या लाद्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये कटिंगचं मशीन, आणि पुढे एक खुर्ची. आता दुकान मुलगा बघतो. मी खुर्ची बघतो. तळेगावच्या वाचनालयातलं पुस्तक घेऊन बसतो आणि कोणी गाडीतून उतरताच "इटालियन दाखवा" म्हणालं की चष्म्यावरून त्याच्याकडे पाहतो.

लोकांना वाटतं दगड निवडायचा म्हणजे रंग निवडायचा. रंग ही शेवटची गोष्ट. आधी विचारायचं की या ओट्यावर काय काय होणार. आपल्याकडे ओट्यावर लिंबू पिळलं जातं, हळद सांडते, चिंच-कोकमाचं पाणी ओघळतं, तापलेली कढई दणकन उतरवली जाते, आणि घाई असेल तर खलबत्ताही तिथेच चालतो. संगमरवराला लिंबू सोसत नाही. जिथे थेंब पडला तिथली चमक जाते ती जाते. ग्रॅनाइट सगळं सोसतो, पण तो बँकेत आणि स्टेशनवर लागला, म्हणून लोकांच्या मनातून उतरला. कडप्पा तर आता नाव घेण्याच्याही लायकीचा राहिला नाही. काळा, साधा, तेल पिऊन आणखी काळा होणारा, आणि त्यावर भट्टीतून काढलेलं भांडं ठेवलं तरी हूं की चूं न करणारा. उरला क्वार्ट्झ. हा खाणीत मिळत नाही, कारखान्यात होतो. दगडाचा चुरा आणि चिकटवायला राळेसारखा प्लॅस्टिकचा रस. दिसायला एकसारखा, डाग धरत नाही, हवा तो रंग मिळतो. फक्त त्याला गरम चालत नाही. चुऱ्याला चालतं, रसाला चालत नाही. तो पिवळा पडतो, आणि कधी कधी लादी तडकते.

म्हणून मी गिऱ्हाइकाला लगेच दगड विकत नाही. आधी एक तुकडा घरी देतो आणि सांगतो, याला थोडे दिवस सासुरवास करा. हळद लावा, लिंबू ठेवा, तवा ठेवा, तेल सांडा. मग या. तुकडा नांदला तर लादी घ्या.

दुसरी सवय वडिलांची. माप घ्यायला गेलं की आधी विचारायचं, "ओट्याशी उभं कोण राहणार?" ज्या बाई उभ्या राहणार असतील त्यांना भिंतीशी उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचा आणि कोपराखाली चार बोटांवर खूण करायची. भाकरी थापणारी असेल तर आणखी थोडं खाली. ओटा त्या खुणेवर. तळेगावचे एक निवृत्त मास्तर तर स्वतःच खुणेशी उभे राहिले. "माझं माप घ्या," म्हणाले, "हिनं तीस वर्षं केलं, आता मी करणार आहे." शेजारी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "खूण पेन्सिलनं करा हो, पुसता येईल अशी." असे दिवस होते. आता नकाशावर उंची छापूनच येते. ती कुठल्या देशातल्या बाईच्या कोपराची असते, कोण जाणे.

तर लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या चढावरचा बंगला. नवे मालक मुंबईचे, मराठी, बोलायला गोड. त्यांना मी साहेब म्हणायचो, त्यांच्या पत्नींना मॅडम. डिझायनरचं नाव रोहन. हुशार मुलगा, पण त्याला खोली दिसायची ती फोनच्या चौकटीतून. तो दारात उभा राहून आधी फोन आडवा धरायचा आणि मग आत यायचा.

तिघे दुकानात आले. मॅडमना पांढरा हवा होता, राखाडी शिरा असलेला, लांबच लांब आणि बिनजोडाचा.

"मॅडम, एवढी लांब लादी येत नाही. आली तरी तुमच्या वळणावर टेम्पो वळणार नाही. एक जोड द्यावा लागेल," मी म्हणालो.

"पण जोड दिसला की मला झोप येणार नाही."

"सिंकच्या बाजूला देतो. नळाकडे बघताना दिसणार नाही."

हे कसंबसं पटलं. मग मी ग्रॅनाइट दाखवला, करड्या रंगाचा, खरबरीत पॉलिशचा, देखणा. मॅडम म्हणाल्या, "हा हॉस्पिटलसारखा वाटतो." संगमरवराला रोहननंच नाही म्हटलं, ते त्याचं शहाणपण. उरला क्वार्ट्झ. मी तुकडा पुढे केला आणि सासुरवासाची गोष्ट सांगितली. मॅडम हसल्या.

"अहो तांबोळी, त्या आयलंडवर कोण स्वयंपाक करणार आहे? तिथे फक्त चीज, फळं, फुलं."

"आणि जेवण?"

"ते मागे. मावशी करतात."

"मग मागचा ओटाही बदलायचा का? माप घेऊन टाकतो."

"तो आहे तसा चालेल," साहेब म्हणाले. "तिकडे कोण बघतंय?"

मी मान डोलावली आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली. यावर गरम काही थेट ठेवायचं नाही. लाकडाची पाटी, जाळी, काहीतरी खाली हवं. रोहन म्हणाला, "नोटेड, काका." नोटेड म्हणजे ऐकलं नाही, हे मला आता कळतं.

बंगल्यावर माप घ्यायला गेलो तेव्हा मावशी भेटल्या. हौसाबाई. आधीच्या मालकांच्या वेळेपासून त्या तिथे होत्या. नवरा माळी होता, तो गेला, तरी बंगल्यामागच्या खोलीत राहून त्या स्वयंपाक, साफसफाई, सगळं बघायच्या. मुलगा तळेगावजवळच्या नवलाख उंबऱ्याला कंपनीत कामाला. त्यानं तिथे दोन खोल्यांचं घर काढलं होतं, भिंती उठल्या होत्या, वर छप्पर नव्हतं. बाई बुटक्या. मागच्या खोलीतला ओटा त्यांच्या छातीला लागायचा. खाली लाकडी पाट ठेवून, त्यावर चढून त्या पोळ्या लाटत होत्या.

"पाटावरून पडाल एखाद दिवस," मी म्हणालो.

"आता सवय झाली, भाऊ. खाली उतरलं की चालताना बी उंचच वाटतं," त्या म्हणाल्या. मग मधल्या मोठ्या खोलीकडे हनुवटी उडवून, "त्या तितं काय बांधताय? समाधी?"

मी हसलो. ते हसू मला पुढे फार दिवस पुरलं.

कामात रोहनशी एकदाच वाजलं. लाद्या शेडमध्ये पाणी सोडून कापून आणल्या होत्या, पण सिंकचं भोक त्याला ऐन वेळी दोन बोटं सरकवायचं होतं. "इथेच मारू ना, काका. कोरडंच. पाण्यानं लाकडी फ्लोअरिंग खराब होईल."

"कोरडं मारलं तर माणूस खराब होईल."

"मास्क देऊ की."

क्वार्ट्झची धूळ पिठाहून बारीक. ती छातीत जाते आणि तिथेच मुक्काम करते. त्या धुळीनं दोन पायऱ्या चढताना भिंत धरणारे कारागीर मी पाहिले आहेत, माझ्यापेक्षा वयानं कितीतरी लहान. जमीन पॉलिश करून मिळते. छाती मिळत नाही. लादी पुन्हा टेम्पोत घालून सोमाटण्याला आणली, पाण्याखाली भोक मारलं आणि परत नेली. रोहन रुसला. रुसू दे.

आयलंड लागलं. खरं सांगतो, देखणं झालं. पांढरं, लांब, शांत. हौसाबाई शेवटचं फडकं मारून म्हणाल्या, "चांदणं सांडल्यावानी दिसतंय. पन ह्याच्यावर ठेवायचं काय?"

मग वास्तुशांत. मला आमंत्रण होतं, कारण कारागिरांचा सत्कार ठेवला होता. आयुष्यभर मी लोकांच्या घरात मागच्या दारानं गेलो, आणि त्या दिवशी पुढच्या दारात माझ्यावर अत्तर शिंपडलं. शाल, श्रीफळ, फोटो. शालीचा रंगसुद्धा पांढरा-राखाडी, लादीला जुळणारा. फोटो झाल्यावर एका मुलीनं ती हळूच परत मागितली. पुढच्या सत्कारासाठी हवी होती. सुतार रांगेत होता.

गुरुजी वडगावचे, साधे, घाईत नसलेले गृहस्थ. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं. दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवायचं, उतू जाऊ द्यायचं, घरात भरभराट राहो म्हणून. रिवाज चांगला आहे. आम्हा मुसलमानांकडे तो नाही, पण उतू जाणाऱ्या दुधाकडे घरातली सगळी माणसं एकदम बघतात ते मला आवडतं. एरवी ती एका दिशेला कधी बघतात?

मॅडमना दूध आयलंडवर उतू जायला हवं होतं. तिथे उजेड छान होता आणि व्हिडिओवाल्यानं दिवे तिथेच लावले होते. तीन पायांची लोखंडी शेगडी आली, गोवऱ्या आल्या. गुरुजींनी लादीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "खाली काहीतरी घ्या हो. दोन विटा मिळाल्या तर बघा."

कोणी हलायच्या आत हौसाबाई मागच्या दारानं गेल्या. पायरीपाशी पडलेल्या दोन विटा त्यांनी नळाखाली खसखसून धुतल्या, पुसल्या आणि पदरावर ठेवून आणल्या. लादीवर आधी दुमडलेलं पोतं अंथरलं, त्यावर विटा मांडल्या. मी मनात म्हटलं, एका माणसानं तरी ऐकलं.

रोहननं फोन आडवा धरला.

"विटा येतायत फ्रेममध्ये," तो म्हणाला. "आणि ते पोतं. मॅडम, हे काढू या का? व्हाइट मार्बल लुक सगळा जातोय."

मॅडमनी बघितलं. "हो, कसंतरीच दिसतंय. मावशी, घेऊन जा ते. परात आणा, पितळी."

मी पुढे झालो. "परात पातळ आहे, धग खाली जाईल. विटा राहू द्या, वरून फुलं टाका."

"काका, दहा मिनिटांचा प्रश्न आहे," रोहन म्हणाला.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघेही त्या घरात बोलावलेले होतो. बोलावलेल्या माणसाला किती बोलायचं याची एक हद्द असते आणि ती त्याला दारातच अत्तर शिंपडून दाखवलेली असते. हौसाबाई विटा पदरावर घेऊन आल्या तशा परत गेल्या. परात आली. परातीत गुलाबाच्या पाकळ्या आल्या. पाकळ्यांवर शेगडी. व्हिडिओवाल्याला ज्वाळा मोठी हवी होती म्हणून तूप वाढवलं. दूध एकदा उतू गेलं. ते नीट टिपलं गेलं नाही, म्हणून आणखी दूध ओतून पुन्हा उतू घालवलं. त्या घरात भरभराट दोनदा आली, दुसऱ्यांदा चांगल्या अँगलनं. शेगडी बराच वेळ तिथेच धगधगत राहिली, कारण तोवर सगळे जेवायला गेले होते.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाजातला गोडवा गेला होता. "तांबोळी, लादी जळलीय. ताबडतोब या."

गेलो. परातीच्या बुडाएवढं पिवळट तपकिरी वर्तुळ, आणि त्यातून निघून सिंककडे गेलेली केसाएवढी चीर. खोलीत साहेब, मॅडम आणि रोहन. मागच्या दाराच्या चौकटीत हौसाबाई, एक पाय आत, एक बाहेर.

झालं होतं असं, की मालक मुंबईला गेल्यावर हौसाबाईंनी परात उचलली, डाग दिसला, आणि त्यांनी स्वतः मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. आणि त्यांनी सांगितलं म्हणूनच ठरलं, की त्यांनीच केलं.

"मावशींनी गरम कढई ठेवली असणार," साहेब म्हणाले. "कबूल करत नाहीत. तुम्ही एक्स्पर्ट आहात, बघून सांगा. म्हणजे विषय संपेल. अशी माणसं घरात ठेवायची की नाही तेही ठरवता येईल. इथल्या बंगल्यांचा आमचा ग्रुप आहे, इतरांनाही सावध करावं लागतं."

हौसाबाई दारातून म्हणाल्या, "मी त्या दगडाला फडक्याबिगर हात लावत न्हाई. माझी कढई हितं कशाला येईल? माझी चूल तितं."

"मावशी, तुम्हाला विचारलं नाही."

"इचारा की मग. लय दिवस कुनी इचारलं न्हाई."

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आला. "भाऊ, जायला मला काय वाटत न्हाई. पोराच्या घरावर पत्रं न्हाईत, तरी जाईन. पन हात वाईट म्हनून काढली असं त्या ग्रुपात गेलं, तर ह्या टेकडीवर मला कोन उभं करंल?"

मी रोहनकडे पाहिलं. त्यानं फोनमध्ये पाहिलं. त्या फोनमध्ये सगळं होतं, विटा काढताना, परात येताना, दूध दोनदा उतू जाताना. तो व्हिडिओ त्यानं स्वतः गाणं लावून सगळ्यांना पाठवला होता, मलासुद्धा. या प्रकरणात रहस्य असं काही नव्हतंच. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त कोणीतरी बाहेरच्यानं दुसरंच काहीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी मला सोमाटण्याहून बोलावलं होतं. मला चीड आली ती याची. खोटं बोलायला सांगतात याची नव्हे. ते धंद्यात ऐकायची सवय असते. पण इतकं आळशी खोटं! जे तपासायला त्यांना फक्त स्वतःच्या खिशातला फोन काढायचा होता.

"हा कढईचा डाग नाही," मी म्हणालो. "शेगडीचा आहे. वास्तुशांतीच्या दिवशीचा."

मग साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे पूजेनं झालं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

त्या 'तुम्हाला'वर किंचित वजन होतं. मावळात माझ्या चार पिढ्या गेल्या. लोकांच्या देवघरांचे कट्टे मी घडवून दिले, गणपतीच्या मखराखालची फरशी बसवून दिली, आणि हे वजन मला फार वेळा अनुभवावं लागलं नाही. म्हणूनच ते आलं की लगेच कळतं.

"पूजेनं नाही, साहेब," मी म्हणालो. "पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी विटा मागितल्या होत्या. मावशींनी त्या धुऊन आणल्या होत्या. त्या काढल्या म्हणून झालं. त्या फोटोत वाईट दिसत होत्या म्हणून काढल्या."

"कोणत्या विटा?" साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी रोहनकडे. रोहन म्हणाला, "म्हणजे, काका, तसं बघितलं तर..." आणि त्यानं फोन खिशात घातला.

"हितंच हाईत पायरीला," हौसाबाई म्हणाल्या. "आणू? आता फोटू न्हाई काढायचा ना?"

मग साहेबांनी तेच म्हटलं, जे मोठी माणसं खरं समोर आल्यावर म्हणतात. "ठीक आहे, ठीक आहे. कोणी काय केलं ते जाऊ द्या. चूक शोधण्यात अर्थ नाही. आता पुढे काय करायचं ते बघू."

अर्ध्या तासापूर्वी चूक शोधण्यात एवढा अर्थ होता की माणूस बोलावून घेतला होता. चूक मागच्या दारात उभी होती तोवर ती शोधण्यासारखी होती. पुढच्या खोलीत येऊन सोफ्यावर बसली आणि लगेच तिच्यातला अर्थ गेला. माफी? ती त्या नकाशात कुठे छापलेली नव्हती. मॅडम फक्त म्हणाल्या, "मावशी, चहा ठेवा सगळ्यांना." मावशी गेल्या. पाटावर चढल्याचा लाकडी आवाज मला आतून ऐकू आला. मी चहाला थांबलो नाही.

ग्रुपात काही गेलं नाही, एवढं मात्र झालं. तोंडावर सांगितलेलं असं थोडंफार उपयोगी पडतं. पण पावसाळ्याच्या आधी हौसाबाई तिथून निघाल्याच. काढलं असं कोणी म्हणालं नाही. बंगल्याची देखभाल आता एजन्सीची माणसं बघणार होती, गणवेशातली, म्हणून हौसाबाईंची राहायची खोली रिकामी हवी होती. "त्यांच्यासमोर खरं बोललं गेलं ना भाऊ," हौसाबाई नंतर मला म्हणाल्या, "मग त्यास्नी मी रोज दिसायला लागले. आदी दिसत न्हवते, तवा बरं चाललं हुतं."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वाचनालयातल्या जाड पुस्तकांत मला हे इतकं थोडक्यात सापडलेलं नाही.

आयलंडची लादी त्यांनी बदलून घेतली, दुसऱ्या दुकानातून. मला बोलावलं नाही ते बरंच झालं. काढलेली लादी मात्र रोहननं टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली, "तुमच्याकडेच डंप करा" असा निरोप देऊन. त्यातला डागाचा भाग सोडला तर बाकी स्वच्छ पांढरी, राखाडी शिरांची. माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि मी स्वतःवर खूश झालो. हौसाबाईंच्या घरावर पत्रे चढले होते, स्वयंपाकघर व्हायचं होतं. त्या लादीचा त्यांना ओटा करून द्यायचा. ज्या दगडापायी नाव जात होतं, तोच त्यांच्या घरात. मला त्यात मोठा न्याय दिसत होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असले न्याय फार दिसतात.

नवलाख उंबऱ्याला गेलो. हौसाबाईंनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"ह्याच्यावर तवा ठिवता येतो का?"

"तवा नाही. जाळी ठेवून..."

"कुकर?"

"तसा थेट नको."

"मग हे माझ्या घरात येऊन काय करनार, भाऊ? मी ह्याला सांभाळू का सैपाक करू?" त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. "तितं लय दिवस ह्याला भिऊन राहिले. माझ्या घरात मला कुनाला भ्यायचं न्हाई. कडप्पा हाय का तुमच्याकडं?"

होता. शेडच्या मागे, पालापाचोळ्यात, कोणी विचारत नाही म्हणून पडलेला. मी मुलाला फोन केला आणि भिंतीकडे वळलो.

"हौसाबाई, इथे उभ्या राहा. हात वाकवा."

"आन् ते कशाला?"

"ओट्याशी तुम्ही उभ्या राहणार ना?"

त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, फोटोला राहतात तशा, आणि हात वाकवला. कोपराखाली चार बोटं, आणि भाकरीसाठी आणखी थोडं खाली. मी खूण केली. बाईंनी मान वाकडी करून ती पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं खाली? लोक हसतील."

"लोक नाही, तुम्ही उभ्या राहणार आहात."

ओटा झाला. आता त्यावर कंपनीतल्या मुलांचे डबे होतात. परवा त्या बाजूला काम होतं म्हणून गेलो. हौसाबाईंनी शेगडीवरून आमटीचं उकळतं पातेलं फडक्यात धरून उचललं आणि दणकन कडप्प्यावर ठेवलं. खाली काही नाही. ठेवून माझ्याकडे पाहिलं, मुद्दाम. मी लादीकडे पाहिलं. लादीनं कोणाकडेच पाहिलं नाही.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातला लाकडी पाट ओढला. बंगल्यातला तोच, मधोमध टाचांनी झिजून खड्डा पडलेला. "उभं राहायचं काम संपलं ह्याचं. आता ह्यो बसायला."

मी बसलो. त्यांनी ताट वाढलं.